परतीचा पाऊस: परत येणारा की परत जाणारा?

कोकणातून बदली होऊन सोलापुरात आलेल्या एका वाचकाने विचारलं आहे: "इथे सप्टेंबर उजाडला की जो तो परतीच्या पावसाची वाट बघतो. जाणाऱ्याची कुणी वाट बघतं का? मग हा 'परत येणारा' पाऊस समजायचा का? आणि ऑक्टोबरातल्या पावसाला कुणी परतीचा म्हणतं, कुणी अवकाळी. बरोबर काय?"

आधी शब्दापुरतं. 'परत' एकटा आला की त्याचे दोन अर्थ होतात. 'परत सांग' म्हणजे पुन्हा सांग, 'परत फीर' म्हणजे मागे फीर. 'परतीचा' झाला की मात्र 'पुन्हा' हा अर्थ गळून पडतो. परतीची वाट, परतीचं तिकीट, परतीचा प्रवास. आषाढी उरकून पालख्या पंढरपुराहून माघारी निघतात, ती परतवारी. तेव्हा परतीचा पाऊस म्हणजे परतताना पडणारा पाऊस.

परततो कोण? वारा. मूळ शब्दप्रयोग 'मोसमी वाऱ्यांच्या परतीचा पाऊस' असा. मधले वारे बोलण्यात गळाले. 'मान्सून'चंही तसंच झालं आहे. अरबीत 'मौसिम' म्हणजे ऋतू, ठराविक काळ. अरबी समुद्रात शिडाची जहाजं ज्या वाऱ्यांवर जात आणि सहा महिन्यांनी उलट वाऱ्यावर माघारी येत, त्या ऋतूनुसार दिशा पालटणाऱ्या वाऱ्यांना हा शब्द चिकटला. पाऊस हा त्याचा नंतरचा अर्थ.

वारा पालटतो कसा, हे कळलं की सोलापूरकर कशाची वाट बघतो तेही कळतं. विषुववृत्ताच्या दक्षिणेला आग्नेयेकडून वर्षभर व्यापारी वारे वाहतात. उन्हाळ्यात उत्तर भारताची जमीन तापते, राजस्थान-पाकिस्तानवर हवेचा दाब उतरतो आणि दोन्ही गोलार्धांतले वारे जिथे एकत्र येतात तो पट्टा उत्तरेला सरकतो. त्याच्या ओढीने दक्षिणेचे वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून बाष्प घेऊन आपल्याकडे येतात. १ जून ही केरळात पोचण्याची त्यांची सरासरी तारीख.

पण सह्याद्री आडवा आहे. वारा घाटमाथ्यावर चढतो, थंड होतो आणि तिथेच रिता होतो. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाट उतरून पूर्वेला येणारी हवा पुन्हा तापते, ढग विरतात. सोलापुराच्या वाट्याला सरासरी साडेपाचशे ते सातशे मिलिमीटर येतात. जून-जुलैत इथे वारा भरपूर असतो, आभाळही असतं, पण ते पुढे निघून जातं. पर्जन्यछाया ती हीच.

सप्टेंबरात पश्चिमेचा जोर ओसरतो. ऊन पडतं, जमीन पुन्हा तापते, दुपारनंतर ढग उभे राहतात आणि संध्याकाळी गडगडाट करत कोसळतात. बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रं आंध्र-तेलंगणावरून इकडे सरकतात. त्यांच्या वाटेत सह्याद्री नाही. म्हणून सोलापुरात सर्वाधिक पावसाचा महिना सप्टेंबर. याच ओलीवर इथली रब्बी उभी असते. उत्तरा-हस्त नक्षत्रांत काळं रान भिजलं, वाफसा आला, म्हणजे रान पेरणीजोगं झालं, की ज्वारीची तिफण चालते. मग मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पुढे थेंब नसला तरी जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर पोसते. कोकणात भात कापणीला आलेला असताना नकोसा होणारा पाऊस इथे हवाहवासा असतो. तुम्हाला पडलेला प्रश्न या फरकातून आला आहे. कोकणाला या काळात वारा जाताना दिसतो. सोलापूरला पाऊस येताना दिसतो.

एक बारकावा सांगायलाच हवा. हवामान खात्याच्या लेखी मान्सून परतला असं केव्हा म्हणतात? सलग पाच दिवस पाऊस नाही, हवेतलं बाष्प घटलं, खालच्या थरात वारे दिशा बदलून फिरू लागले, की. वायव्य राजस्थानातून ही परती सरासरी १७ सप्टेंबरला सुरू होते आणि आपल्याकडे पोचेपर्यंत ऑक्टोबर लागतो. म्हणजे सोलापुरात सप्टेंबरात पडणारा पाऊस तांत्रिकदृष्ट्या भर मान्सूनचाच. तरी बोलीत त्याला परतीचा म्हणणं मला चूक वाटत नाही. वाऱ्याचा जोर उतरल्याचं आणि पाऊस पूर्वेकडून येऊ लागल्याचं लोकांनी नेमकं हेरलं आहे. नेमकेपणाच हवा असेल तर नक्षत्राचं नाव घ्यावं. 'उत्तरा बरसल्या', 'हत्ती (म्हणजे हस्त) चांगला झाला' यात काळही कळतो आणि पेरणीचा संदर्भही. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' म्हणणारे ऑक्टोबर-अखेरच्या सरींचीही दखल घेत होते.

'अवकाळी'ला मात्र माझा ठाम विरोध आहे. अवकाळी म्हणजे काळ सोडून आलेला. १३ ऑक्टोबर २०२० ला काकीनाडाजवळ किनारा ओलांडून आलेलं कमी दाबाचं तीव्र क्षेत्र दुसऱ्या दिवशी सोलापूर जिल्ह्यावर पोचलं, भीमेला पूर आला, पंढरपुरात घाटाजवळची भिंत कोसळून माणसं दगावली. तेव्हा बोलताना अनेकांच्या तोंडी अवकाळी होता. पाऊस अतिवृष्टीचा होता, पण वेळ त्याचीच होती. मान्सून इथून अजून परतलाही नव्हता. अशा वेळी अतिवृष्टी म्हणावं, ढगफुटीसारखा म्हणावं. अवकाळी हा शब्द ज्वारी कणसात असताना, जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या पावसासाठी ठेवावा. आणि एप्रिल-मे महिन्यात धुळीसकट येतो, गारा टाकतो आणि तासाभरात निघून जातो, तो वळीव. त्यालाही हल्ली सरसकट अवकाळी म्हणतात, ते टाळावं.