दीडशेची घेऊ की दोनशेची?

प्रश्न : आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी सहा वर्षांनी बसली. दुकानदार म्हणतो, 150 एएचऐवजी (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीच्या क्षमतेचं माप) 200ची न्या. भाचा म्हणतो, लिथियमच घे. लाइट गेल्यावर दोन पंखे, चार एलईडी बल्ब आणि वायफाय चालतं. लाइट जाते ती फार तर तीन तास. काय करू?
— एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : ताई, आधी इन्व्हर्टरच्या मागचं लेबल वाचा. चार्जिंग करंट किती लिहिलाय? ट्यूब्युलर, म्हणजे इन्व्हर्टरच्या नेहमीच्या पाणी घालायच्या बॅटरीला तिच्या एएचच्या साधारण दहावा हिस्सा करंट लागतो. 150ला 15 अँपिअर, 200ला 20. तुमचा 15चा असेल आणि लाइट रोज जात असेल, तर दोनशेचीचं पोट कधी भरायचंच नाही. अर्धपोटी बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरतं, मग ती लवकर जाते.

आता तुमचा लोड. जुने पंखे 75 वॅटचे, म्हणजे दोघांचे 150. बल्ब 9 वॅटचे धरू, ते 36, वायफायचे दहाएक. झाले जवळपास 200 वॅट. नवी दीडशेची एवढ्यावर चार तास आरामात ओढते. दोनशेची कशाला?

लिथियम चांगलीच. पाण्याची कटकट नाही, वजनाला हलकी. पण इन्व्हर्टरमध्ये लिथियमचं सेटिंग नसेल, तर तोही बदलावा लागेल. भाचा देणार आहे का पैसे?

पाणी मात्र डिस्टिल्डच. घरच्या बॅटरीत मी एकदा आळसापायी फिल्टरचं घातलं होतं. दीड वर्षात एक सेल मेला, आणि बायको अजून ऐकवते, 'मेकॅनिकच्या घरी अंधार!' झाकणातली तरंगती दांडी खालच्या खुणेपाशी आली की भरा, तेही बॅटरी फुल चार्ज असताना. काठोकाठ भरलंत तर अ‍ॅसिड फरशीवर येईल.

गावभाग म्हणालात म्हणून सांगतो, जिन्याखाली ठेवू नका. ऑगस्ट 2019मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, त्यानंतर माझ्या दुकानासमोर गाळ भरलेल्या बॅटऱ्यांची रांग होती. वरच्या मजल्यावर, हवेशीर जागी ठेवा, पण देवघराजवळ नको. चार्जिंगला हायड्रोजन निघतो आणि आपण तिथंच निरांजन लावतो.

जुनी भंगारात घालू नका, नवी घेताना तिचे पैसे वजा होतात. आणि हो, दीडशेची म्हणजे पन्नासेक किलोचं धूड असतं. ते जिन्यावरून वर न्यायला भाच्याला बोलवा.