ऊस गेला, रेल्वे राहिली

प्रश्न : टीव्हीवर कॅरिबियनमधलं सेंट किट्स बेट बघितलं. तिथं म्हणे पूर्वी सगळा ऊसच होता आणि आता कारखानाच बंद! कसं काय? आपल्याकडं पण असं होईल का? आणि तिथला पासपोर्ट विकत मिळतो हे खरं का?
– एक ऊस उत्पादक सभासद, ता. हातकणंगले

उत्तर : दादा, खरंय सगळं. बेट 168 चौरस किलोमीटरचं, आपल्या करवीर तालुक्यात आरामात मावेल एवढं. त्यावर 1156 मीटर उंच लियामुइगा ज्वालामुखी, त्यामुळं माती कसदार, पाऊस बरा, उसाला अजून काय पाहिजे. इंग्रज आले, पाठोपाठ फ्रेंच आले, बेट वाटून घेऊन भांडत बसले, 1713च्या तहानं सगळं इंग्रजांकडं गेलं. फडात राबले मात्र आफ्रिकेतनं आणलेले गुलाम, 1834ला गुलामगिरी कायद्यानं संपेपर्यंत.

कारखाना बंद पडला 2005च्या हंगामानंतर. ऊस पिकायचा की, पण साखर युरोपात ठरलेल्या चढ्या दरानं जायची आणि तोच दर कमी करायचं युरोपनं ठरवलं, इकडं खर्च वाढलेला, मळे आणि कारखाना 1970च्या दशकातच सरकारनं ताब्यात घेतलेले म्हणजे तोटाही सरकारचाच, डोक्यावर कर्जाचा डोंगर, मग लावलं कुलूप. साडेतीनशे वर्षांचं पीक संपलं. ऊस ओढायला 1912 ते 1926 दरम्यान टाकलेल्या छोट्या रेल्वेतनं आता टुरिस्ट फिरतात. क्रूझ जहाजं येतात, त्यावरच बराच धंदा चालतो.

आपलं तसं होईल असं मला तरी वाटत नाही. आपली साखर बहुतेक देशातच खपते, एफआरपी (म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) आहे, इथेनॉल आहे, सहकारी कारखान्याचे मालक तर तुम्हीच (निदान कागदावर तरी). पण दर ठरतो दुसरीकडं, हे दोन्हीकडं सारखंच. 2023च्या डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला दिल्लीतनं अचानक ब्रेक लागला तेव्हा कारखान्यांची काय धावपळ झाली, आठवतंय ना?

पासपोर्टचं म्हणाल तर 1983ला देश स्वतंत्र झाला आणि 1984लाच पैसे गुंतवा, नागरिकत्व घ्या ही स्कीम आली. आता सरकारी फंडात किमान अडीच लाख अमेरिकन डॉलर द्यावे लागतात. पण आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व चालत नाही, तिकडचं घेतलं की भारताचं गेलं. तेव्हा एवढे पैसे असतील तर आधी ठिबक करून घ्या!