ब्रेक मागताना सॉरी कशाला?

"मॅडम, पंपाने दूध काढायला ब्रेक मागितला तर कामचुकार समजतील ना मला?" बाळंतपणाची रजा संपवून कामावर परतलेल्या कितीतरी आया हेच विचारतात. त्यातल्या एकीची गोष्ट सांगते, तिची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

बाळ पाच महिन्यांचं. ही ऑफिसच्या टॉयलेटमध्ये कमोडचं झाकण लावून त्यावर बसायची, मांडीवर पंप, कान दाराकडे, कोणी टकटक केलं की दूध यायचंच थांबायचं, मग दिवसभर छाती दगडासारखी, आणि शेवटी एक बाजू लाल होऊन सणकून ताप. आधी डॉक्टरांकडे पाठवलं तिला. आणि वर हिलाच वाटत होतं की माझं दूध आटलं! अगं, जीव धाकधुकीत असला की पान्हा फुटायला वेळ लागतो, आणि दूध वेळेवर काढलं नाही तर शरीर हळूहळू कमीच बनवायला लागतं.

बॉसला पाठवायचा मेल तिने मला दाखवला. पाच ओळी, त्यात तीनदा सॉरी, दोनदा "जमलं तर". मी विचारलं, सॉरी कशाबद्दल? ती गप्प झाली, मग खूप रडली. मी रडू दिलं.

ही कुणाची मेहेरबानी नाहीये हो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ च्या करारातच दूध पाजायला कामाच्या वेळेत दिवसातून दोनदा अर्धा तास दिलाय, आणि २००० च्या करारात तर हा वेळ कामाचाच धरायचा, त्याचा पगारही द्यायचा असं स्पष्ट आहे. देशादेशाचा कायदा वेगळा, किती मिनिटं, बाळ केवढं होईपर्यंत, ते आपलं आपण बघून घ्यायचं आणि मेलमध्ये लिहायचं. तोंडी बोललं की "बघू" म्हणतात आणि विषय तिथेच राहतो.

नवा मेल आम्ही मिळून लिहिला. ११ ला आणि ३ ला अर्धा तास, आतून कडी असलेली खोली (टॉयलेट नाही!), खुर्ची, प्लग, फ्रिजमध्ये जागा. काढलेलं दूध बाहेर साधारण ४ तास टिकतं, फ्रिजमध्ये ४ दिवस, म्हणून फ्रिजवर मी अडूनच बसले.

खोली मिळाली पण दाराला कडीच नव्हती, त्यासाठी परत मेल करावा लागला. तो मात्र तिने एकटीने लिहिला, दोन ओळींचा, सॉरी कुठेच नाही.