मेवेदर एकदाही हरला नाही, रॉबिन्सन 19 वेळा हरला. मग रॉबिन्सन मोठा कसा?

तुमचा प्रश्न असा आहे की अमेरिकन बॉक्सर फ्लॉइड मेवेदर 50 लढती लढून एकही न हरता निवृत्त झाला, जुन्या काळातल्या शुगर रे रॉबिन्सनच्या नावावर 19 पराभव आहेत, तरी जाणकार रॉबिन्सनलाच वर का बसवतात. आणि वेगवेगळ्या काळातल्या बॉक्सरांची तुलना करायला काही पद्धत आहे, की हे नुसतं जुन्या काळाचं कौतुक आहे?

पद्धत आहे. फक्त ‘अमक्याने तमक्याला हरवलं असतं का’ या प्रश्नातून ती हाती लागत नाही. मरे वोरोनर नावाच्या निर्मात्याने 1969 साली हाच प्रश्न कॉम्प्युटरला विचारून पाहिला. रॉकी मार्सियानो आणि मुहम्मद अली या दोन हेवीवेट (सर्वांत जड वजनगटातल्या) विजेत्यांची माहिती यंत्रात भरली, दोघांना स्टुडिओत आणून कॅमेऱ्यासमोर लुटुपुटीची लढत लढवली आणि तिचे वेगवेगळे शेवट चित्रित करून ठेवले. मार्सियानोला निवृत्त होऊन तेव्हा 13 वर्षं झाली होती. त्याने वजन उतरवलं, डोक्यावर केसांचा टोप चढवला. जानेवारी 1970 मध्ये अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी पडद्यावर त्याला तेराव्या फेरीत अलीला आडवं करताना पाहिलं. त्याला स्वतःला ते बघायला मिळालं नाही, कारण त्याआधीच्या ऑगस्टमध्येच तो विमान अपघातात गेला होता. या सगळ्या खटाटोपातून दोघांपैकी कोणाबद्दलही नवं काही कळलं नाही. यंत्रात जे घातलं तेच बाहेर आलं.

धावण्याच्या शर्यतीला घड्याळ असतं. बॉक्सिंगमध्ये मोजमाप म्हणजे समोरचा माणूस, दुसरं काही नाही. म्हणून मी प्रत्येकाच्या बाबतीत आधी हे पाहतो: त्याने कोणाला हरवलं, आणि हरणारा त्या दिवशी भरात होता का? नुसतं नाव पाहून चालत नाही. मार्सियानोच्या 49-0 मध्ये (49 विजय, पराभव शून्य) जो लुईसचं नाव आहे. पण ऑक्टोबर 1951 मधला तो लुईस 37 वर्षांचा होता आणि निवृत्तीतून परत आलेला होता. 1937 ते 1949 सलग हेवीवेट विजेतेपद राखून 25 वेळा ते वाचवणारा लुईस तो नव्हे. एझर्ड चार्ल्सचंही तेच. मार्सियानोने 1954 मध्ये त्याला दोनदा हरवलं, पण चार्ल्सचा खरा बहर 1940 च्या दशकातला. तेव्हा त्याने पुढे विजेता झालेल्या आर्ची मूरला तीनदा हरवलं होतं आणि तरीही लाइट हेवीवेटच्या (हेवीवेटच्या खालच्या गटाच्या) किताबासाठी त्याला लढत मिळाली नाही.

हीच फुटपट्टी मेवेदरला लावू. जानेवारी 2001 मधला डिएगो कोरालेसवरचा विजय माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सर्वोत्तम. दोघेही अपराजित, कोरालेस उंच आणि जबर ठोशाचा, आणि मेवेदरने त्याला पाच वेळा खाली पाडलं. त्या रात्रीचा मेवेदर कोणत्याही काळात चमकला असता. पुढच्या वर्षी होसे लुईस कास्तियोविरुद्ध निकाल त्याच्या बाजूने लागला, पण ती लढत कास्तियोने जिंकली असं मानणारे पुष्कळ आहेत. तेव्हा शून्य पराभव हा आकडासुद्धा काही अंशी पंचांच्या कागदावर ठरतो. मॅनी पॅकियाओबरोबरची लढत मे 2015 मध्ये झाली, तेव्हा मेवेदर 38 आणि पॅकियाओ 36 वर्षांचा होता. तीच पाच वर्षं आधी व्हायला हवी होती. आणि 50 वा विजय कॉनर मॅकग्रेगर या मिश्र मार्शल आर्ट्सच्या (एमएमए) खेळाडूवरचा, ज्याची व्यावसायिक बॉक्सिंगमधली ती पहिलीच लढत होती. मेवेदरचा बचाव, अंतराचा अंदाज, लढत चालू असतानाच डाव बदलण्याची हुशारी यांबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्याने वेळ निवडली आणि प्रतिस्पर्धीही निवडले. त्याच्या काळात ते शक्य होतं, आणि त्याने त्याचा पुरेपूर उपयोग केला.

रॉबिन्सनच्या काळात शून्य जपणं हा कोणाचा धंदाच नव्हता. फेब्रुवारी 1943 घ्या. 5 तारखेला डेट्रॉइटमध्ये जेक लामोटाने त्याला हरवलं. सलग 40 विजयांनंतरचा हा पहिला पराभव, आणि समोरचा त्याच्याहून सुमारे 15 पाउंडांनी जड. आठव्या फेरीत तर लामोटाने त्याला दोरांच्या बाहेर फेकलं होतं. आजचा अपराजित खेळाडू असा हरला की आठ-दहा महिने पडद्याआड जातो, मग एखादी सोपी लढत घेऊन परततो. रॉबिन्सन 19 फेब्रुवारीला जॅकी विल्सनशी लढला, जिंकला, आणि 26 तारखेला पुन्हा डेट्रॉइटमध्ये लामोटासमोर उभा राहिला. त्या लढतीत तो एकदा खाली पडला, उठला आणि गुणांवर जिंकला. तीन आठवड्यांत तीन लढती, त्यातल्या दोन मिडलवेट या मधल्या वजनगटातल्या सगळ्यात राकट माणसाशी. एकूण सहा वेळा ते दोघे लढले. पाच लढती रॉबिन्सनने जिंकल्या.

त्या पराभवानंतर जुलै 1951 मध्ये लंडनला रँडी टर्पिनने हरवेपर्यंत तो 91 लढतींत अपराजित होता. टर्पिनचा हिशोब त्याने दोनच महिन्यांत न्यूयॉर्कमध्ये चुकता केला. जून 1952 मध्ये लाइट हेवीवेटचा विजेता जोई मॅक्सिम याच्याशी लढताना इतका भयंकर उकाडा होता की दहाव्या फेरीनंतर पंच बदलावा लागला. रॉबिन्सन गुणांवर पुढे होता, पण चौदाव्या फेरीसाठी त्याला उठवेना. लढत अर्धवट सुटून तो हरला ती ही एकच वेळ. त्याच वर्षी तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर तीन पराभव होते. तुम्ही सांगितलेल्या 19 पैकी बाकीचे 16 हे 1955 मध्ये परत आल्यानंतरचे, आणि शेवटचा तर वयाच्या 44 व्या वर्षी. सुमारे 200 लढती, 170 हून अधिक विजय. हा आकडा 50-0 शेजारी ठेवून ‘हरला ना?’ म्हणणं मला पटत नाही.

काळ बदलला म्हणजे नेमकं काय बदललं, हेही पाहायला हवं. हेन्री आर्मस्ट्राँगच्या वेळी वजनगट आठ होते. त्याने ऑक्टोबर 1937 ते ऑगस्ट 1938 या काळात फेदरवेट, वेल्टरवेट आणि लाइटवेट असे तीन किताब जिंकले आणि ते एकाच वेळी त्याच्याकडे होते. 1940 मध्ये चौथ्या, म्हणजे मिडलवेटच्या किताबासाठी लढून बरोबरी साधली. आज गट 17 आणि मुख्य संघटना चार, म्हणजे जवळपास 68 पट्टे, अर्थात किताब. त्यामुळे ‘पाच गटांतला विजेता’ हे बिरुद आज वाचलं तरी त्याची किंमत तेव्हाच्या हिशोबाने मोजता येत नाही. पूर्वी लढतीच्या दिवशीच वजन व्हायचं; आता आदल्या दिवशी होतं आणि रात्रभरात पाणी-अन्न घेऊन खेळाडू कित्येक पाउंडांनी जड होऊन रिंगमध्ये येतो. किताबाच्या लढती 15 फेऱ्यांच्या असत. नोव्हेंबर 1982 मध्ये रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळलेला कोरियाचा किम डुक-कू दगावला, आणि त्यानंतर एकेका संघटनेने त्या 12 वर आणल्या. हा बदल योग्यच होता. पण शेवटच्या तीन फेऱ्यांत लढती फिरवणाऱ्यांची जी जात होती, तिची परीक्षा आता होत नाही.

जुन्या फिती पाहून हसणाऱ्यांना एक सांगायचंय. मूकपटाच्या काळात सेकंदाला कमी चित्रं टिपली जात. तीच फीत पुढच्या काळच्या वेगाने चालवली की माणसं झटके आल्यासारखी हलतात. वेग नीट करून बघा. मग हात खाली का ठेवलेत, एकमेकांना धरून आतल्या आत इतके ठोसे का मारतायत, हे कळायला लागतं. जॅक जॉन्सन आणि जेस विलार्ड 1915 मध्ये हवानाला उन्हात 26 फेऱ्या लढले. इतका पल्ला असेल तर कोणीही ताकद राखूनच खेळेल.

आणि हॅरी ग्रेबची तर एकाही लढतीची फीत उरलेली नाही. तरी मी त्याला रॉबिन्सनच्या खालोखाल ठेवतो. मे 1922 मध्ये या मिडलवेट माणसाने जीन टनीला 15 फेऱ्या बडवलं, पहिल्याच फेरीत त्याचं नाक फोडलं. टनीच्या साऱ्या कारकिर्दीतला तो एकमेव पराभव. याच टनीने पुढे हेवीवेट विजेत्या जॅक डेम्प्सीला दोनदा हरवलं. ग्रेब सुमारे 300 लढती लढला, आणि त्यातल्या बऱ्याचशा एका डोळ्याने दिसत नसताना. फीत नाही म्हणून हे पुसायचं का?

पण जुनं ते सगळं सोनं हेही मी मानत नाही. त्या काळात गोऱ्या विजेत्यांनी काळ्या आव्हानवीरांना सर्रास टाळलं. सॅम लँगफर्डला हेवीवेटच्या जागतिक किताबासाठी कधी उभंच राहू दिलं नाही. चार्ली बर्लीने 1944 मध्ये आर्ची मूरला हरवलं, तरी तो किताबाच्या लढतीविनाच राहिला. त्यामुळे त्या काळातल्या कित्येक विजेत्यांच्या यादीत जी नावं नाहीत, तीसुद्धा मी त्यांच्या विरोधात मोजतो. शिवाय सोव्हिएत संघ आणि क्युबा इथले हौशी बॉक्सर कित्येक दशकं व्यावसायिक बॉक्सिंगपासून दूरच ठेवले गेले. आज ओलेक्सांद्र उसिकसारखा माणूस क्रूझरवेटचे सगळे पट्टे जिंकून हेवीवेटमध्ये येतो आणि 2024 मध्ये आपल्याहून कितीतरी उंच आणि जड टायसन फ्युरीला दोनदा हरवतो. ही कामगिरी ग्रेबच्याच जातीची आहे, आणि मी ती तितक्याच मोकळेपणाने मोजतो. टेरेन्स क्रॉफर्डने 2025 मध्ये दोन गट वर चढून कनेलो अल्वारेझला हरवलं, तेही.

तुम्हाला स्वतः पडताळून पाहायचं असेल तर रॉबिन्सनची 1 मे 1957 ची जीन फुलमरविरुद्धची लढत बघा. रॉबिन्सनचा 36 वा वाढदिवस दोन दिवसांवर आलेला, आणि याच फुलमरने जानेवारीत त्याला हरवलेलं. फुलमर कधीही नॉकआउट झालेला नव्हता. पाचव्या फेरीत रॉबिन्सन मागे सरकतोय, वजन मागच्या पायावर आहे, आणि तिथूनच डाव्या हाताचा आखूड हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) थेट जबड्यावर बसतो. ती फेरी दोन-तीनदा हळू करून पाहा आणि फक्त पायांकडे लक्ष ठेवा. मग हेही ध्यानात घ्या की वेल्टरवेटमधला, ऐन विशीतला रॉबिन्सन फितींवर फारच थोडा उरलाय. आपण पाहतो तो बहुतेक त्याचा उत्तरार्ध आहे.