‘निकषात बसत नाही’ एवढे उत्तर कायद्याला चालते का?

प्रश्न : आमचा तालुका २०२३ च्या दुष्काळी तालुक्यांच्या यादीत नव्हता. नंतर महसूल मंडळांची (तालुक्यातील काही गावांच्या गटांची) यादी निघाली, तेव्हा ओढ्यापलीकडचे मंडळ तिच्यात आले आणि आमचे वगळले गेले. पीक दोन्हीकडे सारखेच करपले. माहिती अधिकारात विचारले, तर तहसील कार्यालयाने ‘आपले मंडळ शासनाच्या निकषात बसत नाही’ असे एका ओळीत कळवले. हे उत्तर येऊन वीस दिवस झाले. थेट उच्च न्यायालयात जावे का?

उत्तर : आपला संताप रास्त आहे, परंतु ‘शेजाऱ्याला मिळाले, मला का नाही’ हा मुद्दा घेऊन न्यायालयात गेलात, तर शासनाचा वकील दोन मंडळांच्या पावसाचे आकडे पुढे ठेवील आणि प्रकरण तिथेच संपेल. दुष्काळ जाहीर करणे हा राज्य शासनाच्या अखत्यारीतला निर्णय आहे आणि ‘आमचे मंडळ दुष्काळी जाहीर करा’ असा आदेश न्यायालय सहसा देत नाही. शासनाने स्वतः ठरवलेला निकष आपल्या मंडळाला खऱ्या आकड्यांनिशी लावला की नाही, हे मात्र न्यायालय तपासू शकते. म्हणून आधी ते आकडे हाती यायला हवेत.

निकष गुप्त नाहीत. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी जाहीर झालेले ४० तालुके केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार, म्हणजे पाऊस, पिकांची उपग्रहावरून दिसणारी स्थिती, जमिनीतील ओलावा, भूजल आणि शेवटी निवडक गावांतील प्रत्यक्ष पाहणी, अशा पायऱ्यांनी ठरले. १० नोव्हेंबरच्या आदेशाने उरलेल्या तालुक्यांतील १०२१ मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. तिथली कसोटी पुष्कळ सोपी होती : जून ते सप्टेंबर या काळातला पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहूनही कमी असावा. यातला ‘आणि’ महत्त्वाचा आहे. ज्या मंडळाची सरासरी ११०० मिलिमीटर आहे, तिथे ७६० मिलिमीटर पाऊस पडला, तर तो सरासरीच्या सत्तर टक्केही भरत नाही, तरीही ते मंडळ यादीबाहेर राहते. हे न्याय्य आहे का, हा वेगळा वाद आहे आणि तो आपल्या प्रकरणात आणू नये, असे माझे मत आहे.

आपला खरा प्रश्न पर्जन्यमापकाचा असावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने आणखी २२४ मंडळांना सवलती लागू केल्या. ती मंडळे जुन्या मंडळांच्या विभाजनातून नव्याने झालेली होती आणि तिथे पर्जन्यमापक बसवलेलेच नव्हते. म्हणजे एकदा काढलेली यादी मोजमापातील उणिवेमुळे बदलू शकते, हे शासनानेच दाखवून दिले आहे. आपले मंडळ कधी झाले, तिथले यंत्र कोणत्या गावात आहे आणि हंगामात किती दिवस ते बंद होते, याची उत्तरे मिळाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नका.

माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४(१)(घ) सांगते की, प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळवणे हे प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. ‘निकषात बसत नाही’ हा निष्कर्ष झाला, कारण नव्हे. आपण कलम १९(१) खाली तीस दिवसांच्या आत, वीस रुपयांचे न्यायालय फी मुद्रांक लावून प्रथम अपील करावे आणि हाच मुद्दा मांडावा. कागद आपल्याकडे नाही, असे तहसील कार्यालय म्हणू लागले, तर अर्जाचा तो भाग कलम ६(३) नुसार पाच दिवसांत संबंधित कार्यालयाकडे वर्ग करणे त्यांच्यावर बंधनकारक होते, हे अपिलातच नमूद करा.

अपिलासोबत जिल्हाधिकारी कार्यालयाकडे एक नवा अर्जही द्या. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांपर्यंतचा हवा, म्हणून रागाची वाक्ये गाळा आणि नेमके मागा : मंडळाचा जून ते सप्टेंबरचा रोजचा पाऊस, कोणत्या वर्षांची सरासरी धरली ती, यंत्राच्या बंद दिवसांची नोंद, आणि जिल्ह्यातून शासनाकडे गेलेला मंडळनिहाय तक्ता. मूळ नोंदवही पाहण्याची परवानगीही मागा, कारण झेरॉक्स प्रतीत खाडाखोड दिसत नाही.

आणखी एक कागद बहुतेक शेतकरी विसरतात. २०२३ साली पीकविम्यात हंगामाच्या मध्यावरच अपेक्षित उत्पादन निम्म्याहून अधिक घटण्याची शक्यता दिसली, तर जिल्हाधिकारी मंडळनिहाय अधिसूचना काढत आणि २५ टक्के आगाऊ भरपाई मिळत असे. त्या खरिपात आपल्या मंडळासाठी ती निघाली असेल, तर पीक गेल्याची कबुली शासकीय कागदावरच आहे. विम्याची कसोटी वेगळी असल्याने एवढ्यावर दावा जिंकता येणार नाही, परंतु निवेदनाला ती चांगला आधार देईल. पैसेवारीचा, म्हणजे पिकाच्या उताऱ्याच्या सरकारी अंदाजाचा, दाखलाही जोडा, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका.

आकड्यांत चूक सापडली, तर ग्रामसभेच्या ठरावासह जिल्हाधिकाऱ्यांना फेरविचाराचे निवेदन द्या आणि प्रत मदत व पुनर्वसन विभागाला पाठवा. त्याकडे दुर्लक्ष झाले, तर घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात याचिका करून ‘निवेदनावर ठरावीक मुदतीत सकारण निर्णय द्यावा’ एवढीच मागणी करा. ती मान्य होण्याची शक्यता बरीच अधिक असते. खर्चाचा विचारही आधीच करा, कारण मंडळ यादीत आल्यावर कर्जवसुलीला स्थगिती, पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, मुलांची परीक्षा फी माफ अशा सवलती मिळतात. हेक्टरी रोख रक्कम त्या सवलतींत नाही. एकट्याने वकिलाचा खर्च सोसण्यापेक्षा मंडळातील चार-पाच गावांनी मिळून जावे.

अपिलासाठी आता आपल्याकडे दहाच दिवस उरले आहेत. अपील हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा.