टेक्सासमध्ये डेकेअरच्या स्टाफचं वर्षाचं २४ तासांचं ट्रेनिंग कसं निवडायचं आणि त्याचा हिशोब कसा ठेवायचा?

तुमच्या प्रश्नात तुम्ही लिहिलंय की नुकतंच असिस्टंट डायरेक्टर केलंय, १४ जणींचं ट्रेनिंग तुमच्या गळ्यात आलंय, आणि एका टीचरचं वर्ष पुढच्या महिन्यात संपतंय पण तिचे ११च तास झालेत. मी डॅलसच्या बाजूला एका सेंटरमध्ये हेच काम करते, आधी टॉडलर रूममध्ये (नुकती चालायला लागलेली मुलं) टीचर होते, मग ऑफिसात आले, त्यामुळे दोन्हीकडची रड माहितीये.

आधी त्या ११ तासवालीचं बघू कारण तिथे घाई आहे. तिचे ११ तास कसे झालेत ते बघा, सगळे ऑनलाइन स्वतःचं स्वतः क्लिक करत केलेले असतील (बहुतेक असतीलच) तर उरलेले १३ पण तसेच करून चालणार नाही. २४ पैकी जास्तीत जास्त ८० टक्के तास असे स्वतः शिकायचे चालतात, म्हणजे १९ धरा, बाकीचे ५ कुणीतरी शिकवणारं समोर पाहिजे. समोर म्हणजे खोलीतच बसलेलं असं नाही, लाइव्ह ऑनलाइन क्लास असेल, प्रश्न विचारता येत असतील, तरी चालतं. म्हणजे तिचे ८ तास ऑनलाइन आणि ५ तास लाइव्ह. लाइव्हवाले आजच बुक करा, ते बहुतेक शनिवारी असतात आणि महिन्यात शनिवार चारच. ऑनलाइनचं काय, ते रात्री जेवणं झाल्यावर पण होतं.

आता मोठा मुद्दा. नवीन माणूस २४ या आकड्याच्या मागे लागतो आणि घोडं अडतं ते त्याच्या पोटातल्या अटींवर. २४ पैकी किमान ६ तास मुलांची वाढ, वागणूक आणि शिस्त, वयाला धरून अभ्यासक्रम, टीचर आणि मुलाचं नातं या विषयांतले लागतात. किमान १ तास बालकांवरचा अत्याचार ओळखणं, रोखणं आणि रिपोर्ट करणं यावर. २४ महिन्यांखालची मुलं सांभाळणारी असेल तर अजून १ तास शेकन बेबी (बाळाला जोरात हलवल्याने होणारी इजा), झोपेत बाळ दगावणं म्हणजे सिड्स, आणि मेंदूची वाढ यावर. शिवाय इमर्जन्सीची तयारी, साथीचे आजार, अ‍ॅलर्जी, औषध देणं, इमारतीची सुरक्षितता, घातक रसायनं कशी ठेवायची, हे विषय येतात. हे मागचे विषय टेक्सासने हौस म्हणून नाही घातलेले, २०१४ला केंद्राचा चाइल्ड केअरच्या निधीचा कायदा नव्याने आला त्यात सगळ्या राज्यांना ही यादी लागू झाली. आणि नुसतं वाचून किंवा व्हिडिओ बघून झालेलं, म्हणजे ज्यात शेवटी परीक्षा वगैरे काही नाही, असं ३ तासांच्या वर मोजत नाहीत.

काय मोजत नाहीत ते पण भिंतीवर लावून ठेवा: फर्स्ट एड आणि सीपीआर २४ मध्ये धरत नाहीत, नोकरीला लागतानाचे प्री-सर्व्हिसचे २४ तास वेगळे, आणि तुमची व्हॅन शाळेतून मुलं आणत असेल तर त्याचं वर्षाला २ तासांचं ट्रेनिंग तेही वेगळं. तुम्ही उद्या डायरेक्टर झालात तर तुमचे स्वतःचे ३० तास, त्यात मॅनेजमेंटचे वेगळे ठरलेले.

तारखेचं सांगते, कारण मी स्वतः इथेच पडले. वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर असं मी गृहीत धरलं होतं. तसं नसतं, प्रत्येकीचं वर्ष तिच्या जॉइनिंगच्या तारखेपासून चालू होतं. पहिल्या वर्षी मी निवांत होते, डिसेंबरात सगळ्यांचं उरकू म्हणून, आणि ऑक्टोबरात लायसेन्सिंगच्या बाई (राज्याच्या परवाना खात्यातून तपासणीला येतात त्या) आल्या, फायली काढल्या, एकीचं वर्ष ऑगस्टमध्येच संपलं होतं आणि तिचे ९ तास. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसं मी त्याच रात्री बसून सगळ्यांच्या तारखा काढल्या. डेफिशियन्सी (नियम मोडल्याची नोंद) लागली ती लागलीच, आणि ती राज्याच्या साइटवर कुठल्याही पालकाला दिसते हे लक्षात ठेवा, मालकाला तेच जास्त लागतं.

यावर नियमातच उपाय आहे. सेंटरला सगळ्यांचं वर्ष एकाच कॅलेंडरला आणता येतं, मधल्या काळाचे तास त्या प्रमाणात मोजून. २४ तास म्हणजे महिन्याला २. समजा कोणाची तारीख १ सप्टेंबर आहे आणि तुम्हाला जानेवारीवर आणायचंय, तर मधल्या ४ महिन्यांचे ८ तास करून घ्यायचे आणि जानेवारीपासून सगळ्यांबरोबर नवीन २४. हे कुणाकुणासाठी कधी केलं ते लिहून फाइलमध्ये लावा, तोंडी ठेवू नका. १४ जणींच्या १४ तारखा सांभाळण्यापेक्षा हे एकदाचं डोकं खाणं परवडतं.

निवडायचं कसं, तर माझं मत थोडं कडक आहे. ते ‘२४ तासांचं पॅकेज, एकाच किमतीत’ मिळतं ना ते सगळ्यांना सरसकट घेऊन देऊ नका. एक तर त्यात लाइव्ह तास बहुतेक नसतात, दुसरं म्हणजे त्याच त्या स्लाइड दर वर्षी, बाया टीव्ही बघत बघत पुढे पुढे दाबतात. मी काय करते, वर्षभराच्या इन्सिडंट रिपोर्टची फाइल घेऊन बसते. टॉडलर रूममध्ये चावण्याचे रिपोर्ट ढीगभर असतील तर त्या खोलीतल्या दोघी टीचरना वागणुकीचे ६ तास त्याच विषयावर, आणि लाइव्ह, म्हणजे त्या आपल्या खोलीतलं उदाहरण देऊन विचारू शकतात. एपिपेन (जोराच्या अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन) लागणारं मूल नवीन आलं तर त्या खोलीचं अ‍ॅलर्जीचं ट्रेनिंग त्याच आठवड्यात, वर्ष संपायची वाट कशाला बघायची. सक्तीचे विषय आधी बसवायचे आणि उरलेल्या तासांत टीचरला काय हवंय ते विचारायचं. कुणाला सीडीए (चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट, लहान मुलांच्या टीचरचं सर्टिफिकेट) करायचं असेल तर तिला शिकण्याचे १२० तास लागणारच आहेत, तिचे वर्षाचे तास त्यातूनच निघतील असं आखा, एकाच कष्टात दोन कामं. कुठे सीईयू (ट्रेनिंग मोजायचं एकक) लिहिलेलं दिसलं तर १ सीईयू म्हणजे १० तास, ०.२ बघून गोंधळू नका.

स्वस्तात हवं असेल तर टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचं अ‍ॅग्रीलाइफ एक्स्टेन्शन आहे, त्यांचे बरेच कोर्स फुकट, आणि स्पॅनिशमध्ये पण मिळतात. स्पॅनिशचं मुद्दाम सांगते. आमच्याकडे एक ताई इन्फंट रूममध्ये आहे, बाळांच्या बाबतीत तिच्याइतकी तयार बाई मी पाहिली नाही, पण इंग्रजी कोर्सच्या परीक्षेत दरवेळी अडकायची आणि मग रडकुंडीला यायची. स्पॅनिशमध्ये दिला, एका बैठकीत झाला. लाइव्ह शिकवणारी व्यक्ती टीईसीपीडीएसच्या (लहान मुलांच्या टीचर आणि ट्रेनरची नोंद ठेवणारी टेक्सासची ऑनलाइन यंत्रणा) ट्रेनर रजिस्ट्रीवर आहे का ते पैसे भरायच्या आधी बघून घ्या.

वेळेचं गणित मात्र अवघड आहे. इन्फंट रूममध्ये एका टीचरमागे ४ बाळं, एकीला ट्रेनिंगला उठवली की फ्लोटर (गरज पडेल त्या खोलीत जाणारी बदली टीचर) लागतेच. काही सेंटरमध्ये मुलं झोपली की टीचर तिथेच बसून फोनवर कोर्स करते, हे मला अजिबात पटत नाही, झोपलेल्या बाळाकडे बघायचं हेच तर त्या सिड्सच्या कोर्सात शिकवतात! आणि घरी करायला लावलं तरी ते तास पगारी, सक्तीचं ट्रेनिंग फेडरल वेतन कायद्यात कामाचेच तास धरतात. मालक म्हणाला ‘घरी करून आणा’ तर हे त्याला नीट सांगा, गोड शब्दात.

हिशोबाला कुठलं महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. माझी एक शीट आहे: नाव, जॉइनिंग तारीख, वर्ष कधी संपतं, एकूण तास, ६ वाले किती, अत्याचाराचा १, बाळांचा १, लाइव्ह किती, स्वतः केलेले किती, आणि सीपीआर कधी संपतं. वर्ष संपायला ९० दिवस राहिले की रकाना पिवळा, ३० राहिले की लाल. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अर्धा तास, चहा घेऊन. माझी मावशी अंगणवाडी सेविका होती, तिची रजिस्टरं बघून आम्ही हसायचो, आता तीच वेळ माझ्यावर.

पण शीट म्हणजे पुरावा नव्हे, लायसेन्सिंगच्या बाई येतात तेव्हा सर्टिफिकेट बघतात. त्यावर टीचरचं नाव, तारीख, विषय, शिकवणाऱ्याचं नाव (ऑनलाइन असेल तर कोर्स कुणाचा ते) आणि किती तास, एवढं असलंच पाहिजे. आमचे एकदा शनिवारचे ४ तास अख्ख्या स्टाफचे अडकले कारण सर्टिफिकेटवर ट्रेनरचं नावच नव्हतं, आणि ती ट्रेनर मग फोन उचलेना. तेव्हापासून क्लास संपला की दारातच सर्टिफिकेट वाचायचं, चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्यायची, फोटो काढून मला पाठवायचा. प्रिंट त्या त्या टीचरच्या फायलीत, तास शीटमध्ये.

प्रत्येकीचं टीईसीपीडीएसवर खातं उघडून घ्या, त्याला पैसे लागत नाहीत, आणि ईमेल तिचा स्वतःचा द्या, सेंटरचा नको, नाहीतर नोकरी सोडली की तिला तिचीच सर्टिफिकेटं बघता येत नाहीत. कुणी सोडून जाताना मी तिच्या फायलीतल्या कॉपी हातात देते, नवीन जागी निदान शून्यापासून तरी सांगत बसावं लागत नाही. तुमच्या त्या ११ तासवालीला पण आधी तिच्या जुन्या ईमेलमध्ये शोधायला लावा हं, माझ्याकडे दोघींना या वर्षात केलेले तास असेच सापडलेत, सर्टिफिकेट आलेलं होतं आणि प्रिंट काढायची राहून गेलेली.