प्रेअरी डॉगसाठी पहिली रायफल

अमेरिकेतल्या वायोमिंगच्या रँचवर प्रेअरी डॉग (बिळं करणारा, खारीच्या कुळातला प्राणी) टिपायला .२२३ रेमिंग्टन काडतुसाची बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची रायफल) घ्या. रुगर अमेरिकन किंवा सॅव्हेज ॲक्सिस ही मॉडेलं पुरे. पैसे वाचवायचे ते रायफलीत, स्कोपमध्ये (नेमाच्या दुर्बिणीत) नव्हे. ४-१२ पटीचा, पॅरलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसणं) जुळवता येणारा बघा. २४ पटीचा मोह कशाला? दुपारी तापलेल्या माळावर त्यातून मृगजळच मोठं दिसतं. नेम सरकू लागला की लोक स्कोपला शिव्या घालतात. आधी स्कोप ज्यावर बसतो त्या बेसचे स्क्रू तपासा. तेल पुसून, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावून, टॉर्क ड्रायव्हरने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पेचकसाने) १५ ते २० इंच-पाउंड आवळा. गोळी ५० ग्रेनच्या (सुमारे ३.२ ग्रॅम) आसपासची, आदळताच फुटणारी; .२२ एलआर या छोट्या काडतुसाची गोळी कडक जमिनीवरून सहज उसळते. लक्ष्याच्या मागे मातीचा उतार नसेल तर ट्रिगरला बोट नको. नळीला चटका बसू लागला की बोल्ट उघडा ठेवून ती निवू द्या.